मंदाताईंच्या फुलांचा जमाखर्च

मुलगा बघायला आला की त्याच्या घरचे विचारतात, ‘नोकरी कुठे?’ मी संस्थेचं नाव सांगते. मग विचारतात, ‘म्हणजे काम काय?’ मी म्हणते, लोकांना रोजचा जमाखर्च लिहायची सवय लावते. यावर बहुतेक जण थोडा वेळ माझ्याकडे बघतात. एका काकूंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “म्हणजे सीए का?” नाही म्हटलं. “बँकेत?” नाही. “मग लोक तुला पैसे कशाचे देतात?” लोक देत नाहीत, संस्था देते, हे सांगेपर्यंत विषय पोह्यांवर गेला होता. मला बरंच वाटलं. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की पोह्यांची मला नेहमी मदत होते.

मी बुजरी आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी मुलगी. नाशिकच्या आजूबाजूच्या भाजीवाल्या-फुलवाल्या गावांमध्ये जाऊन, अनोळखी बायकांच्या ओट्यावर बसून, त्यांना ‘काल किती खर्च केलात?’ असं विचारायचं काम माझ्या वाट्याला येईल असं मला ओळखणाऱ्या कुणालाही वाटलं नसतं. पण पैशाबद्दल लोक फार बोलणाऱ्या माणसाजवळ बोलत नाहीत, हे मला या कामात लवकर कळलं. ते गप्प बसणाऱ्याजवळ बोलतात. मी फक्त बसते. थोड्या वेळाने बाई उठते, डाळीच्या डब्यामागून आणखी एक डबा काढते आणि म्हणते, “हे कुणाला सांगू नका हां मॅडम.” माझ्यासारख्या मुलीला इतक्या डब्यांपर्यंत लोकांनी येऊ दिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे बेरीज-वजाबाकी वाटतं. तो भाग अगदी लहान आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातही सुरुवातीला माझी फजिती व्हायची. बायका मला व्हॉइस मेसेज पाठवायच्या, “मॅडम, आज मेथीचे एकोणऐंशी, कोथिंबिरीचे पावणेदोनशे.” मी बसमध्ये बसून एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी-नाइन की एटी-नाइन याचा विचार करत बसायची. शेवटी आईने एक ते शंभर मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पाहुणे आले की ते दार मी बंद ठेवायची.

अवघड भाग सवयीचा. सवय नुसती सांगून लागत नाही. ती आधीच्या एखाद्या सवयीला टांगावी लागते. ‘रोज लिहा’ म्हटलं की आठवडाभरात बंद पडतं. ‘देवापाशी दिवा लावला की लिहा’ म्हटलं की टिकतं, कारण दिवा लागतोच. कुणी दूध तापेपर्यंत लिहितं, कुणी हातगाडीला ताडपत्री बांधली की. वही कपाटात गेली की संपली. ती मीटरच्या पेटीजवळच्या खिळ्याला लटकली पाहिजे. पेन सुतळीने बांधलेलं पाहिजे, कारण घरात पहिल्यांदा हरवतं ते पेन, आणि ते हरवलं की सगळ्यांना सुटल्यासारखं होतं. रकाने तीनच: आलं, गेलं, राहिलं. चौथा रकाना आखला की बायका वहीला घाबरतात.

तऱ्हाही खूप पाहिल्या. मखमलाबादकडच्या एक ताई मी जायच्या आदल्या दिवशी सगळा आठवडा एका बैठकीत भरून ठेवायच्या. अक्षर सुंदर, पेन एकच, आणि सातही दिवस कोथिंबिरीला एकच भाव. मी काही बोलले नाही. शाळेत सायन्सचं जर्नल मीही असंच भरायची. इगतपुरीला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका भेटले. नोकरी लागल्यापासून रोजचा खर्च लिहिलेला, अगदी दाढीच्या ब्लेडसकट, पण बेरीज कधीच केलेली नाही. मी विचारलं, का? म्हणाले, “बेरीज केली की भांडण होतं. नुसतं लिहिलं की शांत झोप लागते.”

आणि भवानी. सकाळच्या पहिल्या विक्रीचे पैसे कपाळाला लावून बाजूला ठेवायचे. ते मोजायचे नाहीत, मोडायचे नाहीत. माझ्या वहीत ते येईनात, म्हणून कुणाचाच हिशोब जुळेना. मी रकान्याचा हट्ट धरला, तेव्हा एक आजी म्हणाली, “पोरी, तुझ्या वहीसाठी देवीशी वैर घेऊ का?” मग आम्ही ती रक्कम न लिहिता नुसती देवीच्या नावाने एक टिकली लावायला लागलो. फरक आला की तो देवीचा, आणि वही जुळायला लागली. देवीचीही काही तक्रार आली नाही.

पण मला सांगायचं आहे ते मंदाताईंबद्दल.

मंदाताईंचं गाव गंगापूर धरणाच्या अलीकडे. घरचं थोडं रान, त्यात सासरे झेंडू, शेवंती आणि अष्टर करतात. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. मंदाताई ती फुलं, शिवाय बाजारातून घेतलेला मोगरा आणि गुलाब घेऊन गंगापूर रोडला एका देवळाबाहेर छत्रीखाली बसतात. नवरा सोपान सकाळी मोटारसायकलवर त्यांना आणि टोपल्यांना सोडतो, मग स्वतःच्या कामाला जातो. सोपानचं काम म्हणजे कधी ट्रॅक्टरवर, कधी मंडप बांधायला, असं मिळेल ते.

मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा ओट्यावर वाद चालू होता. सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंगला बायका घेत होते. सोपानच्या चुलतभावाने मंदाताईंचं नाव ठेकेदाराला सांगून टाकलं होतं.

नाना म्हणाले, “महिन्याला ठराविक पगार. खात्यावर. गाडी घ्याया येती, गाडी सोडती. अजून काय पायजे?”

“माझी फुलं?”

“फुलात राहतं काय? दिवसभर उन्हात बसती अन् संध्याकाळी मूठभर चिल्लर आणती.”

“मूठभर? नाना, ती मूठ घरी येस्तोवर गॅस भरलेला असतो, पोरांच्या वह्या आलेल्या असतात, तुमची तंबाखू—”

“तंबाखूचं नाव काढू नको.”

मग मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. बचत गटातल्या कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं असावं. “ह्या मॅडम हिशोब शिकवतात. मी लिहिते. दिवाळीपर्यंत रोज लिहिते. कंपनीच्या पगाराहून कमी राहिलं तर दिवाळी झाली की जाते कंपनीत. जास्त राहिलं तर पुन्हा कंपनीचं नाव काढायचं नाय.”

नानांनी विचार केला. “सणासुदीत तर कुणाचंबी फूल जातं. आजपासून लिव. जूनपासून. आषाढ अन् पितृपंधरवडा धरून.”

“धरून,” मंदाताई म्हणाल्या.

सोपान हसला. “मॅडम, तुम्ही अंपायर.”

मला अंपायर व्हायचं नव्हतं. मी मान हलवली, आणि आमच्याकडे मान हलवणं म्हणजे हो.

वाटेत मंदाताई मला सोडायला आल्या. मी विचारलं, कंपनीत सावली असेल, पंखा असेल, मग नको का वाटतं? त्या म्हणाल्या, “तिथं तोंड बंद ठेवावं लागतं मॅडम. माझी नणंद जाते ना. इथं दिवसभरात पन्नास माणसं माझ्याशी बोलतात. बोलले नाय की माझं डोकं दुखतं.” माझं नेमकं उलटं आहे. तरी मला ते कळलं. माणूस कुठल्या जागी स्वतःसारखा असतो हे त्याला माहीत असतं, आणि ती जागा जाऊ नये एवढंच त्याला हवं असतं.

पहिले काही आठवडे छान गेले. मंदाताईंनी लिहिणं फुलांच्या सुईला टांगलं. संध्याकाळी सुई धुऊन गुंडाळून ठेवली की लिहायचं. गल्ल्यातून परस्पर जाणारा खर्च आम्ही लिहायला लागलो, आणि नानांना पहिल्यांदा दिसलं की गॅस खरंच फुलांवर भरला जातो. छत्रीच्या दांड्याला लावलेला क्यूआर कोड सोपानच्या खात्याचा निघाला. त्याच्या जोडीची बोलकी डबी दर वेळी मोठ्यानं ओरडायची, पैसे आले, पैसे आले, यायचे सोपानला. तेही फुलांकडे मांडले. सोपानची स्वतःची मिळकत वहीत मागच्या पानांवर, वेगळी.

मग माझा एक नियम आडवा आला. घरच्या रानातली फुलं मंदाताई फुकट धरत होत्या. मी म्हटलं, तसं नाही चालत. ती फुलं नानांनी बाजारात नेली असती तर पैसे आले असते. म्हणून त्या दिवशीच्या बाजारभावाने ती ‘गेलं’ मध्ये लिहायची.

“म्हणजे सासऱ्याची फुलं मी विकत घेऊ?”

“घ्यायची नाहीत. लिहायची.”

“लिहिलं म्हणजे घेतल्यासारखंच ना!”

पण त्यांनी लिहिलं. आणि त्या महिन्याचं ‘राहिलं’ कंपनीच्या पगाराच्या बरंच खाली गेलं. पुढचा महिना आषाढाचा. लग्नं नाहीत, मोठे सण नाहीत. तो आणखी खाली. मी घरी गेले तेव्हा वही खिळ्यावर होती, सुतळीला पेन होतं, आणि आठवड्याची पानं कोरी होती.

तिथून देवळापाशी आले, तर मंदाताई छत्रीखाली गुलाबाचे देठ तोडत होत्या. मी शेजारी पोत्यावर बसले. बराच वेळ त्या गिऱ्हाइकांशी बोलल्या, माझ्याशी नाही. मग म्हणाल्या, “लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. नानांशी मी भांडून जिंकले असते. वहीशी कसं भांडू?”

मला बोलायला हवं होतं. दुसरी एखादी बोलकी मुलगी असती तर काहीतरी धीराचं बोलली असती, किंवा हळूच म्हणाली असती, फुलांचा रकाना सोडून द्या. तसं म्हणावंसं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रकाना सोडला तर दिवाळीला जे हातात येईल ते त्यांचं त्यांनाच खरं वाटणार नाही, हेही दिसत होतं. मी देठ तोडायला घेतले. काटा लागला.

“असं नाय. खालून धरा,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “हरले तरी नीट हरते. काढते ती वही संध्याकाळी.” कोरे राहिलेले दिवस त्यांनी अंदाजाने भरले नाहीत. आडवी रेघ मारून तिथून पुढे लिहायला लागल्या. त्या रेघेबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. मखमलाबादच्या ताई आणि मी, दोघींनाही ते जमलं नसतं.

श्रावण आला, गणपती आले. फुलं जोरात गेली. पितृपंधरवड्यात पुन्हा बसली. दसऱ्याला मंदाताईंचा आवाज बसला आणि गल्ला भरला. तरीही मी सगळे महिने एकत्र करून सरासरी काढली तेव्हा ती पगाराच्या खालीच होती. मी तीनदा काढून बघितली.

वसुबारसेच्या दुपारी ओट्यावर सगळे बसले. नानांनी चष्मा लावला आणि वही मांडीवर घेतली. सोपान पायरीवर. मंदाताई करंज्यांचं सारण भाजून, हात पुसत उंबऱ्यात उभ्या. मी आकडा सांगितला. माझा आवाज इतका बारीक आला की सोपानने पुन्हा विचारलं, आणि मला तो पुन्हा सांगावा लागला.

मंदाताई आत जायला वळल्या.

जिंकलेल्या माणसाने खरं तर वही मिटायची. पण नाना पानं उलटत होते. बोट झेंडूच्या ओळींवरून खाली सरकत होतं. “झेंडू, झेंडू, झेंडू,” ते म्हणाले. “रोज एवढा झेंडू नेला व्हय माझा? एवढा सुटा झेंडू घेतं कोण? निम्मा सडवला असंल तिथं छत्रीखाली. मग कसं राहंल फुलात?”

मंदाताई गर्रकन वळल्या. हरल्याचं त्यांनी ऐकून घेतलं होतं, पण हे नाही. “सडवला? एक फूल सडवत नाय मी! हारात जातो तुमचा झेंडू! पहाटे उठून ओवते ते काय दिसत नाय? दुकानांचे हार कशाचे होतात, कागदाचे?”

“कुठले हार?”

“रतिबाचे!”

इथे सांगायला हवं. आमच्याकडे बऱ्याच दुकानांत गल्ल्यावरच्या देवाला रोज ताजा हार लागतो. तो सकाळी दारात येतो आणि पैसे महिन्याला, दुधासारखे. सोपान कामाला जाता जाता कॉलेज रोडच्या दुकानांत हार टाकायचा आणि महिनाअखेरीला पैसे गोळा करायचा. ते पैसे त्याच्या हातात येत, म्हणून त्या घरात ते कायम त्याचेच समजले जात. मंदाताईंनीही ते त्याच्या पानावर लिहिले, आणि मीही तिथेच बघितले.

नानांनी मागची पानं काढली. “हे हाराचे पैसे सोपानच्या पानावर कसे?”

“ते गोळा करतात ना,” मी म्हटलं.

“मग दुधाचे पैसे क्यान नेणाराचे का म्हशीवाल्याचे?”

सोपान पायरीवरून उठला. “म्हणजे मी क्यान नेणारा?”

“मग काय तू हार ओवतो? दाखव बरं ओवून.”

“नाना, तुम्ही कंपनीच्या बाजूनं आहात ना? मग आता हे काय?”

“मी कुणाच्याच बाजूनं नाय. फुलं हिच्या खात्यात गेली तर पैसेबी हिच्याच खात्यात येणार. बैल एकाचा अन् पेरणी दुसऱ्याची व्हय?” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, करा परत.”

मी परत केलं. हाराचे पैसे पुढच्या पानावर आणले. मंदाताईंनी स्वतःच सांगितलं की सोपानचं पेट्रोल आणि रोजच्या फेरीची मजुरी वजा करा. सोपान म्हणाला, “मजुरी?” त्या म्हणाल्या, “फुकट नको कुणाचं.” मजुरीवरून थोडी घासाघीस झाली. मग मी बेरीज केली, आणि या वेळी माझा आवाज सगळ्यांना एकाच खेपेत ऐकू गेला. कंपनीच्या पगारापेक्षा फार नाही, पण वर.

मंदाताई खाली बसल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या ते मी मुद्दाम बघितलं नाही. सोपान म्हणाला, “चला, ठेकेदाराला फोन करतो, नाव काढा म्हणून. आणि माझं घाला, मला नोकरीची गरज पडणार.”

मला वाटलं, संपलं. पण नाना अजून वहीत बघत होते.

“ह्यात माझ्या फुलांचे पैसे लिवलेत. रोजचे. जूनपासून.”

“हो,” मी म्हटलं.

“लिवलेत. पण मला तर कुणी दिले नाय.”

तो रकाना मीच आखला होता आणि लिहायला मीच लावलं होतं. पण कागदावर रोज विकत घेतलेल्या फुलांचे पैसे त्या माणसाच्या हातात पडायला हवेत, हे माझ्याही मनात आलं नव्हतं. नाना पुढे म्हणाले, कुणाकडेही न बघता, “एवढी वरसं फुलं केली. पण नाशिकला डोळे दाखवायला जायचं म्हटलं तरी सोपानकडं मागावं लागतं. म्हून म्हणत व्हतो, कंपनीत जा. घरात ठराविक आलं तर मलाबी ठराविक मिळंल.”

मंदाताई म्हणाल्या, “नाना, हे आधी बोलायचं ना.”

“सुनंला काय बोलायचं.”

“मागचं सगळं एकदम नाय जमायचं. आजपासूनचं रोजच्या रोज देते.”

“भाव बाजाराचा,” नाना म्हणाले. “अन् उधारी नाय.”

मी खूप ठिकाणी वह्या लावल्या. पुष्कळ बंद पडल्या, काही चालू आहेत. मंदाताईंच्या ओट्यावरची ती दुपार मला माझ्या कामातली सगळ्यात मोठी कमाई वाटते. एका घरातली तीन माणसं एकमेकांचं किती घेतात आणि एकमेकांना किती देतात, हे त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने मांडलं, आणि मला तिथून उठून जायला सांगितलं नाही. माझ्या स्वतःच्या घरात हे धाडस आम्ही अजून केलेलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी मी गंगापूर रोडला उतरले. कंपनीच्या बस भरून चालल्या होत्या. देवळाबाहेर छत्रीच्या पलीकडे, गिऱ्हाईक जिथे उभं राहतं तिथे नाना उभे होते. पायाशी झेंडूची टोपली. सकाळच्या फेरीबरोबर ते सोपानच्या गाडीवर मुद्दाम आले होते.

“आज काय देती?”

“काल दिलं तेच,” मंदाताई म्हणाल्या.

“मार्केटला चढलाय. मी फोन करून विचारलंय.”

“मग मार्केटला न्या.”

नाना टोपलीतला झेंडू वरखाली करायला लागले. “एवढ्या लांब कुठं नेऊ. घरचं गिऱ्हाईक म्हणून सोडतो. घे, तोल.” टोपली काट्यावर गेली. मग त्यांना मी दिसले, आणि ते मोठ्यानं म्हणाले, “बरं झालं आल्या. मॅडम, लिवा बरं हे.”

मी पिशवीत पेन शोधायला लागले.

“त्या नाय लिहीत,” मंदाताई म्हणाल्या. अंबाड्यात खोचलेलं पेन त्यांनी दातांनी उघडलं. “मी लिहिते. हां नाना, किती भरलं?”